डिंगोरें : एका वाटेवरच्या गांवाचा इतिहास

जुन्नर तालुक्याच्या इतिहासाला सामग्रीची उणीव नाहीं. नाणेघाटांतील सातवाहनांचा शिलालेख, मानमोडी व लेण्याद्री येथील लेणीं, निजामशाहीचा उदय, शिवनेरीवरील शिवजन्म, एवढी संपत्ति एका तालुक्याच्या वांट्यास क्वचितच येते. परंतु तिचा हिशेब करूं लागलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. हा बहुतेक इतिहास डोंगरांवरचा आहे, खोऱ्यांतला नाहीं. तो किल्ल्यांचा, लेण्यांचा आणि घाटांचा आहे. ज्यांच्या धान्यावर किल्लेदार जगले आणि ज्यांच्या बैलांनीं घाटांतील माल वाहिला, त्या गांवांचा नाहीं. ओतुराच्या पश्चिमेस, माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर डिंगोरें म्हणून एक गांव आहे. कल्याणाहून अहिल्यानगरास, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरास, जाणारे प्रवासी त्याचें नांव पाटीवर वाचतात व पुढें जातात. इतिहासाचे ग्रंथही त्या प्रवाशांहून फारसे निराळे वागलेले नाहींत.

अशा गांवाला इतिहास असतो काय, हा प्रश्न सुशिक्षित माणसाला केला तर तो सौजन्यानें 'असेलही' म्हणतो, पण मनांत 'काय असणार!' असेंच त्याला वाटत असतें. इतिहास म्हणजे घटना, आणि घटना म्हणजे लढाई, तह किंवा राज्यारोहण, ही समजूत शाळेपासून आपल्या अंगीं मुरलेली असते. खेड्याचा इतिहास घटनांचा नसून व्यवस्थेचा असतो. जमीन कोणाची, पाणी कोणाचें, वाट कोठून कोठें जाते, आणि या तिहींचा हिशेब कोण ठेवतो, एवढ्या चार प्रश्नांची उत्तरें दर शतकास कशीं बदलत गेलीं, तें सांगितलें म्हणजे गांवाचा इतिहास सांगितला असें म्हणावयास हरकत नाहीं. हे प्रश्न डिंगोऱ्याच्या खोऱ्यास लावून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यांतून जें सिद्ध करावयाचें तें एवढेंच कीं, आपल्या गांवांनीं आपला इतिहास कागदावर नव्हे तर जमिनीवर, शेतांच्या व शिवांच्या नांवांत लिहून ठेवला होता. तो गेल्या दोनशें वर्षांत दोनदां पुसला गेला. आणि जो कांहीं उरला आहे, तो सांगणारीं माणसें आज वृद्ध झालेलीं आहेत.

प्रथम स्थळाचा विचार करूं. जुन्नरच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पूर्वेकडे डोंगरांचे फांटे निघाले आहेत, आणि दोन फांट्यांच्या मधून एकेक नदी वाहते. अशा खोऱ्याला तिकडे 'नेर' म्हणतात. कुकडीचें तें कुकडनेर, मीनेचें तें मीननेर, भीमेचें तें भीमनेर; आणि अगदीं उत्तरेकडचें, मढ या गांवावरून नांव पडलेलें, तें मढनेर. या मढनेरांतून माळशेजच्या बाजूनें पुष्पावती खालीं येते. धरणाच्या कागदांत तिचें नांव आर असें आढळतें. डिंगोरें याच खोऱ्यांतलें. उत्तरेस हरिश्चंद्रगडाची रांग, पश्चिमेस घाट, पूर्वेस मांडवीच्या कांठचें ओतूर ही बाजाराची मोठी वस्ती, अशी त्याची चतुःसीमा ढोबळपणें सांगतां येईल. ओतूर येथें कपर्दिकेश्वराचें देवालय असून तुकोबांचे गुरु बाबाजी चैतन्य यांची समाधि तेथेंच आहे अशी परंपरा आहे. श्रावणी सोमवारच्या यात्रेला आजही सारें खोरें तिकडे लोटतें.

या खोऱ्याच्या स्वभावांत दोन गोष्टी मुख्य आहेत. पहिली पावसाची. घाटमाथ्यावर पाऊस एवढा पडतो कीं तेथें भात, नागली आणि वरई पिकते. तेथून थोडे कोस पूर्वेस उतरलें कीं पाऊस झपाट्यानें कमी होतो आणि बाजरीचा मुलूख लागतो. मधल्या गांवांना या दोन्ही मुलुखांशीं संबंध ठेवावा लागतो. दुसरी गोष्ट वाटेची. कोंकणांतून देशावर येणाऱ्या वाटांपैकीं नाणेघाटाची वाट कुकडनेरांत उतरते आणि माळशेजची मढनेरांत. मोटारीचा रस्ता होण्यापूर्वीं कित्येक शतकें वणजाऱ्यांचे व लमाणांचे तांडे या वाटांनीं मीठ वर आणीत आणि धान्य खालीं नेत. मीठ हा पदार्थ देशावरच्या एकाही खेड्यांत पिकत नाहीं, आणि मिठावांचून एकही चूल चालत नाहीं. ही साधी गोष्ट पुढें एका मोठ्या सिद्धान्ताचा विचार करितांना आपल्याला उपयोगी पडणार आहे.

या प्रदेशांतील गांवांचीं नांवें लेखांत प्रथम केव्हां आलीं? जुन्नरभोंवतालच्या लेण्यांत दानलेख पुष्कळ आहेत. मानमोडीवरील एका लेखांत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानें ४६ व्या वर्षीं केलेल्या दानाची नोंद आहे, आणि ती अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाची आहे. आमच्या विषयास याहून अधिक उपयोगी असा दुसरा एक लेख आहे. आदुथुम नांवाच्या एका शक उपासकानें वडालिका गांवांतील वीस निवर्तनें जमिनीचें उत्पन्न करंजाचीं झाडें लावण्यासाठीं, आणि कटपुतक गांवांतील नऊ निवर्तनांचें उत्पन्न वडाचीं झाडें लावण्यासाठीं, एका श्रेणीकडे ठेव म्हणून ठेविल्याचें त्यांत सांगितलें आहे. लेख लहान, परंतु अर्थ मोठा. सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं या भागांतील गांवांना नांवें होतीं, शेतांचीं मापें होतीं, जमिनीचें उत्पन्न गहाण ठेवावें तसें ठेव म्हणून ठेवतां येत होतें, आणि तें संभाळणारी धंदेवाईक संस्था होती. मात्र ती वीस निवर्तनें जमीन कसत कोण होता, हें त्यांत नाहीं. दात्याचें नांव आलें, गांवाचें नांव आलें, झाडांचीं नांवेंसुद्धां आलीं. नांगर धरणाऱ्याचें तेवढें राहिलें. खेडें लेखांत शिरतें तें नेहमीं असेंच. त्याच्यापासून कोणाला तरी कांहीं घ्यावयाचें असतें, तेव्हांच त्याची नोंद होते.

मध्ययुगांत येऊं. दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणून जो प्रसिद्ध आहे, त्याचा आरंभ इ. स. १३९६ च्या सुमारास झाला आणि तो बारा वर्षें टिकला, असें परंपरा सांगते. त्यानें गांवेंच्या गांवें ओस पडलीं. पुढें बहामनी अंमलांत मुलूख पुन्हां लावणीस आणण्याचें काम दादू नरसू काळे या जाणत्या ब्राह्मणाकडे सोंपविण्यांत आलें. ग्रँट डफनें या प्रसंगाविषयीं एक मार्मिक गोष्ट नमूद केली आहे. जुन्या गांवांच्या शिवा सांगणारें कोणी उरलेलें नव्हतें. त्यामुळें नव्या शिवा आंखतांना त्या वाढविल्या गेल्या व कोठें कोठें दोन-तीन गांवांचें एक गांव झालें. म्हणजे माणसें मेलीं त्यापेक्षांही सांगणारीं माणसें मेलीं हें गांवाचें मरण ठरलें. शीव ही कांहीं दगडांची ओळ नव्हे. ती कोणाच्या तरी तोंडीं असलेली हकीकत असते, आणि तें तोंड मिटलें कीं शीवही मिटते.

यानंतरच्या काळांतील गांव आपल्याला बऱ्याच स्पष्टपणें दिसूं लागतें. मराठी कागदपत्रांत गांवाचे दोन भाग मानलेले आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागीं मातीचीं घरें पडत आणि पुन्हां उठत गेल्यामुळें गांवठाणाची माती पांढरी होते. तेव्हां 'पांढरी' हा शब्दच एक प्रकारें गांवाच्या वयाचा दाखला आहे. काळीची वांटणी थळांत असे. थळ म्हणजे एका घराण्याची जमीन. तिला बहुधा त्या घराण्याचेंच नांव असे, आणि अशा थळांची यादी 'थळझाडा' म्हणून ठेवलेली असे. ज्याचें थळ तो थळकरी किंवा मिरासदार. बाहेरून येऊन जमीन कसणारा तो उपरी. घराणें निर्वंश झालें किंवा परागंदा झालें म्हणजे त्याच्या थळाला 'गतकूळ' म्हणत. येथें विशेष हा कीं, घराणें गेलें तरी थळाचें नांव बदलत नसे. कसणारा दुसरा असला तरी जमीन जुन्याच नांवानें ओळखली जाई. कर्नल साइक्स हा इंग्रज अधिकारी १८२४ पासून कांहीं वर्षें मुंबई सरकारच्या वतीनें दख्खनची माहिती जमवीत होता. दख्खनच्या जमीनधाऱ्यावरील त्याच्या लेखनांत या थळांची व गतकुळांची माहिती आली आहे.

थळझाडा हा अशा रीतीनें गांवाचा इतिहासग्रंथच होय. त्यांत गतकुळें किती, यावरून त्या गांवावर कोणकोणतीं संकटें येऊन गेलीं याचा अदमास लागतो. १६३० हें साल महाराष्ट्रांतील प्रत्येक मुलाला पाठ आहे, कारण त्या वर्षीं शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. परंतु गडाच्या पायथ्याशीं असलेल्या खेड्यांना तें साल दुसऱ्याच कारणानें स्मरणांत ठेवावें लागलें. त्याच वर्षीं पाऊस गेला आणि १६३० ते १६३२ चा तो भयंकर दुष्काळ दख्खन व गुजराथ या दोन्ही प्रांतांवर कोसळला. एकच तारीख, पण गडावरून पाहिली तर उगवती आणि खोऱ्यांतून पाहिली तर मावळती. गडावरील घटना बखरींत आल्या. खोऱ्यांतील घटना गतकुळांच्या नांवांत आल्या. या दोन्ही साधनांना सारख्याच आदरानें वाचल्याशिवाय त्या काळाचें पुरें चित्र आपल्या हातीं येणार नाहीं. महाराजांनीं पुढें रयतेच्या लावणीसंचणीकडे एवढें लक्ष कां पुरविलें, याचाही उलगडा ओसाड मुलूख डोळ्यांसमोर ठेवल्यानेंच होतो.

आतां त्या मोठ्या सिद्धान्ताकडे वळूं. १८१८ त पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टननें १८१९ त जो अहवाल लिहिला, त्यांत दख्खनच्या गांवांची फार वाखाणणी आहे. पुढें १८३० त मेटकाफनें हिंदुस्थानांतील खेड्यांना लहान लहान प्रजासत्ताकेंच ठरविलें. राज्यें येतात आणि जातात, खेडें मात्र आपल्या बारा बलुत्यांसह स्वयंपूर्ण, अचल राहतें, असें हें मत. आपल्या अनेक देशभक्तांनाही तें मोहक वाटलें. परंतु मढनेरासारख्या खोऱ्यांतील गांवाला तें लागू करूं गेलें असतां तें टिकत नाहीं. जें गांव मिठासाठीं कोंकणाकडे आणि कापडासाठीं बाजारपेठेकडे पाहतें, ज्याच्या वाटेनें दर हंगामांत तांडे जातात, ज्याचा सारा जुन्नरच्या कचेरींत भरावा लागतो, तें गांव बाहेरच्या जगापासून अलिप्त कसें? डिंगोऱ्यासारखीं गांवें वाटेवर आहेत; त्यांचें जगणें वाटेवर अवलंबून आहे. राज्य बदललें कीं जकात बदले, जकात बदलली कीं तांड्यांची वाट बदले, आणि वाट बदलली कीं गांवाचें नशीबही फिरे.

दुसरें असें कीं, त्या तथाकथित प्रजासत्ताकाचे सर्व रहिवासी कांहीं प्रजाजन नव्हते. थळझाड्यांत मिरासदार आहेत, पण वाड्या आणि पाडे नाहींत. खोऱ्याच्या पश्चिम अंगास, डोंगराच्या उतारावर महादेव कोळ्यांच्या व ठाकरांच्या वस्त्या आहेत. सरकारी भाषेंत 'मौजे' म्हणजे ज्याचा स्वतंत्र दप्तरांत समावेश आहे तें गांव. वाडी ही कोणत्या तरी मौज्याच्या पोटांत मोजली जाते. वाडीला नांव असतें, देव असतो, माणसें असतात, परंतु पुष्कळदां स्वतःचा कागद नसतो. गांवकुसाबाहेरच्या महारवाड्याची गोष्ट याहून कठीण. शिवेचा तंटा पडला म्हणजे शीव दाखवावयास महार लागे. म्हणजे गांवाच्या सीमेचें ज्ञान ज्याच्यापाशीं, त्यालाच सीमेच्या आंत जागा नाहीं. त्याच्या वतनाच्या जमिनीला हाडकी-हाडोळा म्हणत, आणि त्या वतनाच्या मोबदल्यांत साऱ्या गांवाची व सरकारची वेठ त्याच्या माथीं असे. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ त मुंबईच्या कायदेमंडळांत या वतनाविषयीं विधेयक आणलें, तें उगीच नव्हे. आणि कोळ्यांविषयीं म्हणावयाचें तर, १८७३ ते १८७६ या वर्षांत होन्या भागोजी केंगले यानें पुणें-नगरच्या पश्चिम पट्ट्यांत सावकारांविरुद्ध जें बंड केलें, त्यावरून त्या खोऱ्यांत जमीन कोणाच्या हातून कोणाच्या हातीं चालली होती हें कळतें. सुप्याचा दंगा १८७५ चा. तो प्रसिद्ध आहे. डोंगराकडची हालचाल त्याच्याही आधींची आहे.

इंग्रजी अमलांत गांवाच्या इतिहासावर पहिला बोळा फिरला, आणि तोही सद्‌हेतूनें. प्रिंगल यानें १८२८ च्या सुमारास पुणें जिल्ह्याची मोजणी केली. आकार जड बसल्यामुळें ती फसली. मग गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ त इंदापुरापासून नवी पद्धत सुरू केली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानें तिचे नियम कायम झाले. या पद्धतीचें मर्म असें कीं, थळ, मिरास, उपरी हे सारे भेद बाजूस ठेवून जमिनीचे जवळजवळ सारख्या आकाराचे तुकडे पाडावे, हद्दीला दगड रोवावे आणि प्रत्येकास एक नंबर द्यावा. रयतेच्या दृष्टीनें यांत खरें हित होतें. आपल्याला काय द्यावयाचें हें तिला तीस वर्षांपुरतें तरी निश्चित कळूं लागलें. परंतु ज्या शेताला एखाद्या बुडालेल्या घराण्याचें नांव चारशें वर्षें चिकटून राहिलें होतें, तें कचेरींत एक आंकडा झालें. १९०३ च्या कायद्यानें हक्कनोंदणी आली, आणि तिच्यांतून पुढें आपल्या परिचयाचा सात-बाराचा उतारा तयार झाला. आज खेड्यांतील माणूस आपली वंशपरंपरा सांगूं लागला म्हणजे त्याचें बोट जुन्यांत जुन्या फेरफाराच्या नोंदीवर येऊन थांबतें. त्यापूर्वींचें सगळें त्याला 'पूर्वीं' या एका शब्दांत कोंबावें लागतें.

दुसरा बोळा स्वराज्याच्या उंबरठ्यावर फिरला. १९४७ च्या तुकडेबंदीच्या व एकत्रीकरणाच्या कायद्यानें विखुरलेल्या जमिनी जोडून त्यांचे गट करण्याचें ठरलें, आणि जेथें ही योजना लागू झाली तेथें सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. हेतु येथेंही उत्तमच होता, आणि त्याची निकडही होती. डॉ. हॅरोल्ड मान या पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाच्या प्रमुखानें १९१७ त पिंपळे सौदागर या गांवाची जी पाहणी प्रसिद्ध केली, तींत असें दाखविलें आहे कीं १७७१ त सरासरी खातें ४० एकरांचें होतें, तें १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आलें. अशा स्थितींत एकत्रीकरण हवेंच होतें. याच सुमारास इतर कायदेही आले. १९४८ चा कूळकायदा आला. त्याच्या दुरुस्तीनें १ एप्रिल १९५७ या कृषकदिनीं कसणारा मालक ठरला. १९५० त कुलकर्णी वतन गेलें, १९५८ च्या कायद्यानें महार वतनासह कनिष्ठ गांववतनें गेलीं. या कायद्यांनीं गांवाची जी उलथापालथ केली, ती कोणत्याही लढाईनें केली नव्हती. आणि ती बव्हंशीं न्यायाचीच होती. मात्र वतनें गेलीं तशीं वतनदारांचीं दप्तरें निरुपयोगी झालीं. कुलकर्ण्याच्या घरांतील रुमाल माळ्यावर गेले, आणि माळ्यावरून वाळवीच्या ताब्यांत गेले. अन्याय जावयास हवा होता. त्याचा पुरावा जावयास नको होता.

यानंतरची पायरी पाण्याची. कुकडी प्रकल्पाचीं पांच धरणें या दोन तालुक्यांत झालीं: घोडवर डिंभें, मीनेवर वडज, कुकडीवर माणिकडोह व येडगांव, आणि मढनेरांत पिंपळगांव जोगें. या शेवटच्या धरणाचें पाणी कालव्यानें पारनेर तालुक्यापर्यंत जातें. ज्या खोऱ्यांतून पूर्वीं मीठ आणि धान्य पुढें जाई, त्यांतून आतां पाणीही पुढें जातें. वाटेवरच्या गांवाचें हें लक्षण नव्या रूपानें कायम राहिलें असें म्हणावें लागतें. पाण्याबरोबर तालुक्यांत कांदा, टोमॅटो आणि ऊस वाढला. ऊस वाढला तसा त्यांत बिबट्या राहूं लागला, आणि २००१ च्या सुमारापासून जुन्नरचें नांव वर्तमानपत्रांत शिवनेरीपेक्षां बिबट्यासाठींच अधिक वेळां छापून येऊं लागलें. धरणाच्या पोटांत जी जमीन गेली, तिच्यावरील शेतांचीं नांवें तर पाण्याखालींच गेलीं. रस्त्याचेंही तसेंच. माळशेजची वाट आधीं २२२ आणि आतां ६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग झाली आहे. हमरस्त्यालगतच्या जमिनीचा भाव वाढला कीं तिचे भूखंड पडतात, आणि भूखंडाला पुन्हां एक नवा क्रमांक मिळतो.

कोणी म्हणेल, शेतांचीं नांवें गेलीं तर बिघडलें काय? पोट नांवावर भरत नाहीं. याचें उत्तर वर आलेल्या पिंपळे सौदागरानेंच दिलें आहे. तें गांव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत विरून गेलें असून तेथें उंच इमारती उभ्या आहेत. तरीही १७७१ सालीं तेथील शेतकऱ्याचें खातें केवढें होतें हें आपण आज सांगूं शकतों, कारण एका परक्या माणसानें शंभर वर्षांपूर्वीं तेथें बसून तें लिहून काढलें. लोणीकंदाचेंही असेंच. डॉ. थॉमस कोट्स यानें लोणी गांवाचें केलेलें वर्णन १८२३ त प्रसिद्ध झालें. त्यामुळें १९६० त डॉ. घुर्ये यांना सव्वाशें वर्षांनंतरचें लोणीकंद त्याच्याशीं ताडून पाहतां आलें. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गांवगाडा' १९१५ चा. या ग्रंथांना प्रसिद्ध गांवें लागलीं नाहींत. लागली ती एक वही आणि चिकाटी. ज्या गांवाविषयीं कोणी लिहिलें तें गांव शहरानें गिळलें तरी शिल्लक राहतें. ज्याविषयीं कोणी लिहिलें नाहीं, तें जागच्या जागीं असूनही नाहींसें होतें.

तेव्हां डिंगोऱ्यासारख्या गांवाचा इतिहास लिहावयाचा तर कोठून आरंभ करावा? पुण्याचें पेशवे दफ्तर आहेच. परंतु तेथें जाण्यापूर्वीं गांवची शीव एकदां चालून यावी. बरोबर गांवांतील दोन वृद्ध असावे, त्यांतला एक गांवकुसाच्या आंतल्या वस्तीचा व एक बाहेरच्या वस्तीचा. एखादी वृद्ध बाईही असावी, कारण शेतांची खुरपणी बायकांनीं केलेली असते आणि बांधांचीं, झाडांचीं, पाणवठ्यांचीं नांवें त्यांना अधिक ठाऊक असतात. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या जमविल्या; ज्या स्त्रियांचें नांव एकाही उताऱ्यावर नव्हतें, त्यांच्या तोंडीं गांवें, नद्या आणि घाट किती होते हें त्या संग्रहावरून कळून येतें. प्रत्येक गटापुढें त्या शेताचें बोलींतलें नांव, तें कोणाचें होतें, तेथें पूर्वीं काय पिके, आणि पाणी कोठून येई, एवढें लिहावें. वाड्यांना स्वतंत्र पान द्यावें. त्या मौज्याच्या पोटांत आहेत म्हणून त्यांचा इतिहासही पोटांतच राहूं देऊं नये. मग शाळेचें जुनें दाखलपुस्तक, जन्ममृत्यूची नोंद, जुने फेरफार हे कागद त्या यादीशीं ताडून पाहावे. हें काम गांवच्या शिक्षकानें मनांत आणलें तर दोन उन्हाळ्यांत होण्यासारखें आहे, आणि ग्रामसभेपुढें तें वाचून दाखविलें तर चुका दुरुस्त करणारे शंभर जण तेथेंच बसलेले असतात. पुण्यामुंबईस राहणाऱ्या ज्या वाचकांचें मूळ गांव अशाच एखाद्या खोऱ्यांत असेल, त्यांनीं पुढच्या खेपेस देवदर्शन आणि जत्रा उरकल्यावर घरच्या वडील माणसांपाशीं वही घेऊन एक दुपार बसावें.

त्या शक उपासकानें वडालिका व कटपुतक या गांवांचीं नांवें दगडावर कोरविलीं तीं कांहीं इतिहासासाठीं नव्हेत. करंजाच्या व वडाच्या झाडांची तजवीज व्हावी म्हणून. झाडें कधींच गेलीं, नांवें तेवढीं राहिलीं. डिंगोऱ्याच्या शेतकऱ्यानें आपल्या शेताचें नांव आज वहींत लिहविलें तर त्यालाही त्यापासून तत्काल कांहीं लाभ नाहीं. सारा त्यानें कमी होणार नाहीं, पाणी त्यानें वाढणार नाहीं. मात्र उद्यां त्याच्या नातवाला आपण कोठले हें सांगावयाचें झालें, तर गट क्रमांकापलीकडचें एखादें नांव त्याच्यापाशीं असेल.